केन कर्टिस सूची, भाग ६ : फेस्टस नेमका कुठून मोजायचा?

अमेरिकी नट केन कर्टिसच्या भूमिकांच्या सूचीतला ‘गनस्मोक’ या वेस्टर्न टीव्ही मालिकेचा रकाना अखेर जुळला! पण त्यासाठी मागच्या भागातली ‘१९६२ नंतर सगळं फेस्टस’ (फेस्टस म्हणजे त्यातलं कर्टिसचं पात्र) ही ओळ खोडावी लागली.

आधी दुबार नोंदींचं. पहिल्या ६ हंगामांचे अर्ध्या तासाचे २३३ भाग पुनःप्रक्षेपणात ‘मार्शल डिलन’ या नावाने दाखवले गेले. १९६१ पासून सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर शनिवारी तासाचे नवे भाग आणि मंगळवारी हे जुने, असं शेजारीशेजारी चालू होतं. त्यामुळे कर्टिसचे १९५९-६० मधले पाहुणे भाग (‘जेहॉकर्स’, ‘चेंज ऑफ हार्ट’, ‘स्पीक मी फेअर’) दोन-दोनदा चढले होते. आता मालिकेचं नाव बाजूला ठेवून भागाचं नाव आणि पहिल्या प्रक्षेपणाची तारीख ही जोडीच ओळख धरली. दुबार ओळी लगेच गळल्या.

खरा घोळ भूमिकेचा. फेस्टस पहिल्यांदा येतो डिसेंबर १९६२ मध्ये, ‘अस हॅगन्स’मध्ये. तिथून रकाना खाली ओढून भरला की ‘लव्हर बॉय’ (१९६३) हमखास चुकतो, कारण त्यात कर्टिस फेस्टस नाहीच, काइल केली आहे! जानेवारी १९६४ च्या ‘प्रेअरी वुल्फर’मध्ये फेस्टस परततो आणि डेनिस वीव्हरचा चेस्टर गेल्यावर कायमचा डॉजमध्ये (मालिकेतल्या गावात) राहतो. म्हणजे नट आणि पात्र यांची मोजणी वेगळीच हवी. एक्सेलची ओढून भरायची सोय या रकान्यात वापरूच नये. प्रत्येक नाव शेवटच्या श्रेयनामावलीतून हाताने उतरवावं. जाहिरातींसाठी कापलेल्या प्रतींत नेमकी तीच नामावली आक्रसलेली असते, म्हणून आधी लांबी तपासा. जुना भाग सुमारे २६ मिनिटांचा आणि नंतरचा सुमारे ५० मिनिटांचा भरला पाहिजे. तासाचा भाग ४५ मिनिटांत संपला, तर ती प्रत पुराव्याला घेऊ नका. डिस्क महाग पडल्या तरी या कामाला त्याच बऱ्या.

पुढचा भाग ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ या गायकवृंदामधल्या कर्टिसच्या १९४९-५३ च्या गाण्यांवर ठरला होता. तो थांबवू या. ‘लव्हर बॉय’ तपासताना सुचलं, की आवाजाचा रकाना हवा. ‘द सर्चर्स’ चित्रपटातला (१९५६) त्याचा चार्ली मकॉरी ऐका, मग ‘हॅव गन विल ट्रॅव्हल’ मालिकेतला मंक (१९५९) ऐका : फेस्टसचा तो अनुनासिक गावरान हेल आधीपासूनच तयार होत होता. ‘अस हॅगन्स’चा दिग्दर्शक अँड्र्यू मॅकलॅग्लन हा ‘हॅव गन’चाही नेहमीचा दिग्दर्शक, हा धागा सोडण्यासारखा नाही. आणि त्याच काळात ‘रिपकॉर्ड’ मालिकेत (१९६१-६३) हाच कर्टिस गुळगुळीत दाढी केलेला, सरळ बोलणारा पॅराशूटपटू जिम बकली होता! काय ताकदीचा नट!

आवाजाच्या रकान्यात तीनच खुणा ठेवू : साधा, हेल, गाणं. सुरुवात मंकपासून. डिस्नेच्या ‘रॉबिन हूड’मधलं (१९७३) नट्सी गिधाड सर्वांत शेवटी, कारण तिथे चेहराच नाही, नुसता आवाज आहे.