सोलापूरहून कळंगुट: घरच्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

जानेवारीतली सोलापूरची गड्डा यात्रा उरकली आणि आई, काका-काकू, मुलं असं सगळं घर घेऊन आम्ही गोव्यातल्या कळंगुटला गेलो. नाताळ ते ३१ डिसेंबरच्या गर्दीत तिथे राहायचे दर परवडत नाहीत. जानेवारीच्या उत्तरार्धात ते बरेच उतरतात, समुद्रही शांत असतो.

जून २०२५ पासून सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झालंय. ते उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरतं, तिथून कळंगुट तासाभरावर. वेळापत्रक आधी नीट बघा. आम्ही गाडीनेच गेलो: मंगळवेढा, सांगोला, मिरज, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, म्हापसा. अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. पहाटेच निघा, म्हणजे आंबोली घाट उजेडात उतरता येतो.

कळंगुट हे मुळात रांपणकारांचं, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचं, आणि माडांच्या भाटांचं, म्हणजे बागांचं गाव. १९६०च्या दशकाच्या शेवटी हिप्पी आले. १९८७ पासून युरोपातली चार्टर विमानं गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळावर उतरू लागली आणि गावाचं रूप पालटलं. आज तिथे जास्त करून आपल्यासारखे देशी पर्यटकच असतात. मुख्य रस्त्यावर दुकानं, हॉटेलं आणि गाड्यांचे हॉर्न यांशिवाय काही दिसत नाही. पण सेंट अॅलेक्स चर्चच्या बाजूला आत वळलं की जुनी कौलारू घरं, तुळशी आणि क्रूस दिसतात. लोक तिथे राहतात, पोरं शाळेत जातात. त्यांच्या अंगणात उभं राहून फोटो काढत सुटू नका, ही माझी कळकळीची विनंती.

मनाला सगळ्यात जास्त लागली ती पाण्याची ओढाताण. आपल्याकडे सोलापुरात काही दिवसांआड नळ येतो, म्हणून टँकर दिसला की नजर तिकडेच जाते. कळंगुटला गल्लीबोळांतून हॉटेलांकडे टँकर पळताना दिसतात. धो धो पावसाच्या मुलखात! समुद्राकाठी विहिरींतून फार उपसा झाला की खारं पाणी आत शिरतं, आणि त्याची झळ आधी गावातल्या घरांना बसते. हॉटेलात बादलीभर पाण्यात अंघोळ उरकायला सोलापूरच्या माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. तीच सवय तिथेही ठेवा.

आता समुद्राविषयी. आपण विहिरीत, तलावात पोहायला शिकलेली माणसं. समुद्राची ओढ वेगळी असते. वाळूत लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात, त्या दोहोंच्या मधेच पाण्यात उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर घोट्याइतक्या पाण्यातही नको. जीवरक्षक साधारण संध्याकाळी सहापर्यंत असतात, त्यानंतर पोरांना पाण्यातून बाहेर काढा. पाणी आत खेचू लागलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही; किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं, मग बाहेर यायचं. जून ते सप्टेंबर पोहायला बंदी असते आणि शॅकही (किनाऱ्यावरची तात्पुरती खोपटवजा हॉटेलं) मोडून ठेवलेले असतात. दारू पिऊन पाण्यात जाणं म्हणजे जिवाशी खेळ. किनाऱ्यावर उघड्यावर दारू प्यायलात किंवा स्वयंपाक मांडलात तर दंड होतो. हा नियम मला मनापासून पटतो, कारण वाळूत फुटलेल्या बाटल्या पोरांच्या पायात जातात.

किनारा बघायचा तर सकाळी सातच्या आत. तेव्हा होड्या, जाळी आणि फिरायला आलेले गावकरी भेटतात. दहानंतर जेट स्की आणि पॅरासेलिंगवाले मागे लागतात. दर आधी ठरवा, लाइफ जॅकेट स्वतः घट्ट आवळून बघा. ज्येष्ठांना शेजारच्या बागा किनाऱ्याच्या गजबजाटापेक्षा कांदोळी-सिकेरी किनाऱ्यांची बाजू बरी. काका तर १६१२ साली बांधलेल्या आग्वाद किल्ल्यावरून हलायलाच तयार नव्हते.

भाड्याची दुचाकी घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना, बघा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. टॅक्सी महाग पडते. म्हापसा किंवा पणजीला जायचं तर बस सोयीची.

जेवायला किनाऱ्यापासून आत जा. साध्या खानावळीत शीत-कडी (भात आणि माशांचं कालवण), तळलेला बांगडा आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) मिळते. शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत, तरी आईच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी प्रवासात फार उपयोगी पडली.

जमलं तर परतीचा दिवस शुक्रवार ठेवा. म्हापशाचा बाजार त्या दिवशी भरतो: मयड्याची केळी, हरमलची मिरची, आमसुलं. सकाळी लवकर पोचा, उशीर झाला की गाडी लावायला जागा मिळत नाही.