होडी कुंभार्ली घाट चढवून कराडला आणायची आणि ऑगस्टात परत न्यायची: माझा अनुभव

अठरा फुटी उघडी फायबरची होडी, 25 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (पिछाडीला बाहेरून अडकवायचं) इंजिन, आणि मालक कराडचा. होडी दाभोळच्या खाडीत वेलदूरच्या बाजूला असते. इंजिनाच्या होड्यांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. त्या काळात तिकडचे लोक होडी वर ओढून झापांखाली किंवा ताडपत्रीखाली ठेवतात. मी ती घाट चढवून कराडला आणतो. ट्रकभाडं फुकट घालवणारा घाटी अशी यावरून थट्टा होते, ती ऐकून घ्यायची. कारण साधं आहे. चिपळूण-गुहागरकडं जेवढा पाऊस पडतो त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही कराडला पडत नाही. फायबरचं आणि प्लायवूडचं काम करायचं तर आधी ते वाळलं पाहिजे, आणि जुलैतल्या कोकणात काहीच वाळत नाही.

होडी मेच्या मध्यालाच काढावी. महिनाअखेरीस समुद्राची फुग वाढते, वळवाचा भरवसा नसतो, आणि वर कराडात रेझिनच्या (फायबर घट्ट करणाऱ्या राळेच्या) कामाला मिळणारे कोरडे दिवस हातचे जातात. होडीचं रिकामं वजन साडेतीनशे-चारशे किलो भरतं, म्हणजे आठ माणसांनी उचलता येतं. लांबीमुळं मात्र पिकअप चालत नाही. मागं होडीचं टोक लोंबत ठेवून घाटातली वळणं घेणं धोक्याचं आहे आणि पोलीसही अडवतात. 19 फुटी हौद्याची आयशर सांगावी. कराडहून माल टाकून चिपळूणला रिकामी झालेली गाडी परतीच्या भाड्यात मिळाली तर खर्च बराच उतरतो.

हौद्यात कण्याखाली तीन जुने टायर, दोन्ही कुशींना दोन-दोन. नाळ, म्हणजे पुढचं टोक, ड्रायव्हरच्या केबिनकडं. दोर काठावरून सरळ आवळला की काठ आत दबतो आणि जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत थराला) केसासारख्या भेगा पडतात, म्हणून दोराखाली गोणपाटाच्या घड्या घालायच्या आणि आतून काठाला काठ असा एक बांबू आडवा टेकवायचा. पोफळीच्या पुढं वळणं सुरू झाली की होडी कडेला सरकू पाहते. शिरगावला गाडी थांबवून दोर पुन्हा ताणून घेतलेले बरे. नोंदणीची प्रत आणि मासेमारी परवान्याची प्रत ड्रायव्हरकडं द्यावी. ही दोन कागदपत्रं वेगवेगळी आहेत, एक होडीचं आणि एक मासे धरण्याचं. नाक्यावर माणूस कागद पाहतो, होडी नाही.

इंजिन काढून वेगळं न्यायचं. पन्नास किलोच्या आसपासचं हे धूड आडवं ठेवावंच लागतं, पण कंपनीनं ज्या कुशीवर ठेवायला सांगितलंय त्याच कुशीवर, आणि वरचं डोकं पंख्याच्या बाजूपेक्षा कधीही खाली जाऊ द्यायचं नाही. आधी दहा मिनिटं उभं ठेवून आतलं पाणी निथळू द्यावं. डोकं खाली गेलं की उरलेलं खारं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरात उतरतं आणि दोन महिन्यांत रिंगा गंजून धरतात.

घरी आल्यावर पहिलं काम गोड्या पाण्यानं धुणं. मग तळाचं बूच काढून नाळ वीतभर उंच टेकवायची. ताडपत्री अंगाला लपेटू नये. मधे बांबूचा आढा घालून दोन्ही टोकं उघडी ठेवावीत, वारा आरपार गेला पाहिजे. आठ-दहा दिवस कडक उन्हं मिळाली की तपासणी. फूटभर चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवायचं आणि दिवसभर उन्हात ठेवायचं. आतून थेंब जमले तर फायबर अजून ओलं आहे, रेझिनला हात लावायचा नाही. फायबरला पाणी लागत नाही हा समज खोटा आहे. स्क्रूच्या भोकातून, बोल्टाच्या कडेनं, जेलकोटच्या भेगेतून ते आत जातं आणि तिथंच राहतं.

सगळ्यात जास्त मरते ती पिछाडीची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात. बाहेरून फायबर दिसतं, आत प्लायवूड असतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चार-चार बोटांवर ठोकत जायचं. टणक आवाज येतो तिथं लाकूड शाबूत, बद्द येतो तिथं ते कुजलंय किंवा फायबरपासून सुटलंय. दुसरी परीक्षा इंजिन चढवून: खालच्या टोकाला धरून वर-खाली हलवायचं आणि फळीच्या वरच्या कोपऱ्यांकडं बघायचं. फळी हलताना दिसली की रंगरंगोटीनं भागणार नाही.

फळी बदलताना बाहेरचा फायबर तसाच ठेवून आतला कापायचा, कडेपासून दोन इंच सोडून. कुजका भुसा खरवडून काढायचा, उघडी जागा आठवडाभर वाळवायची. नवीन प्लाय आयएस 710 शिक्क्याचं, म्हणजे मरीन, 18 मिलिमीटरचे दोन तुकडे मधे रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची मॅट घालून एकावर एक. बीडब्ल्यूआर (ओल सोसणारं) प्लाय दुकानदार आग्रहानं देतो, स्वयंपाकघराच्या कपाटाला ते उत्तम आहे, होडीला नाही. क्लॅम्प लावून रात्रभर दाबून ठेवायचं, मग वरून मॅटचे तीन-चार थर, कोपऱ्यात गोलाई देऊन. बोल्टाची भोकं सरळ पाडू नयेत. आधी दुप्पट व्यासाची पाडून इपॉक्सीनं भरायची, सुकल्यावर त्यातच योग्य मापाचं भोक. मग सीलंट फाटला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. बोल्ट 316 ग्रेडचे स्टील मागून घ्यावेत. बाजारात सहज मिळतात ते 304 किंवा त्याहून हलके, आणि 304-316 मधला फरक लोहचुंबकानं कळत नाही, त्यामुळं बिलावर ग्रेड लिहून घ्यायची.

कराडात फायबरची कामं करणारे मिळतात. टेम्पोची बॉनेटं, टाक्या, मंडळांचे देखावे करणारी ही माणसं हातानं तरबेज असतात, पण त्यांच्याकडं असतं ते जीपी, म्हणजे साध्या कामाचं रेझिन. सतत पाण्यात राहणाऱ्या वस्तूला आयसो रेझिन लागतं, ते आपणच आणून द्यावं. हिशोब असा: 450 ग्रॅमची मॅट एक चौरस मीटर घेतली तर रेझिन साधारण एक किलो, आणि सुकल्यावर जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हार्डनर रेझिनच्या वजनाच्या 1 टक्का पुरे, म्हणजे अर्ध्या किलोला 5 ग्रॅम. हिवाळ्याच्या सवयीनं 2 टक्के टाकलं तर डबा हातातच धुरकट होऊन घट्ट बसतो. काम सकाळी सात ते दहा. एका वेळी तीन-चारच थर. जास्त थर एकदम चढवले की आत उष्णता कोंडून फायबर पिवळं पडतं आणि तडकतं. जुन्या फायबरवर नवं चढवताना 60 नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक पूर्ण घालवायची, ॲसिटोननं पुसायचं, दुखऱ्या जागेच्या कडा उतरत्या घासायच्या. नुसत्या चमकीवर मारलेला थर वर्षात पापुद्र्यासारखा निघतो. जांभळा कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारा) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, नंतर हार्डनर. डोळ्याला चष्मा हवाच.

जूनमध्ये पाऊस लागला की रेझिन बंद आणि इंजिन सुरू.

गिअर ऑइल आधी काढायचं. खालचा स्क्रू काढून मग वरचा. तेल काळपट निघालं तर ठीक. दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी आत गेलंय, आणि दहातल्या आठ वेळा कारण पंख्यामागं सापडतं. पंखा काढून शाफ्टवर नखानं चाचपायचं: तंगुसाचे (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे) वेढे बसलेले असतात, इतके घट्ट की ते शाफ्टचाच भाग वाटतात. पाण्यात तरंगणारी तंगूस पंख्यात ओढली जाते, गरम होते आणि सीलची ओठासारखी कड कापते. ब्लेडनं कापून काढायची, शाफ्टवर ओरखडा न पाडता, आणि दोन्ही सील बदलायचे. नवं तेल खालच्या भोकातून वर चढवायचं, वरून बुडबुड्याशिवाय येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा, वॉशर नवे.

पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) दरवर्षी बदलतो, चांगला दिसला तरी. त्याची पाती एका बाजूला वाकलेली राहिली की पाण्याची धार बारीक होते आणि समुद्रात इंजिन तापतं. नवा बसवताना साबणाचं पाणी लावून शाफ्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवत आत सरकवायचा, उलट फिरवला तर पाती उलटी दुमडतात. झिंकचा तुकडा निम्मा झिजला की नवा, आणि त्यावर रंग मारायचा नाही. रंगवलेलं झिंक झिजत नाही, मग त्याच्याऐवजी इंजिनाचं अॅल्युमिनियम झिजतं.

पेट्रोलचं प्रकरण नीट समजून घ्यावं, कारण यात इंजिनं जातात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आमच्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ते इथेनॉल करतात, त्यामुळं कराडात त्याविरुद्ध बोलणं अवघड. पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल-पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. टू-स्ट्रोकचं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला तेलाविना पाणचट मिश्रण जातं आणि पिस्टन धरतो. म्हणून बंदीच्या काळात टाकी पूर्ण रिकामी, कार्बोरेटरची वाटीही रिकामी. ऑगस्टात ताजं पेट्रोल, तेल 50 ला 1, म्हणजे 10 लिटरला 200 मिली. तेल टीसी-डब्ल्यू 3 शिक्क्याचं. मोटारसायकलचं टू-टी चालत नाही, ते हवेनं थंड होणाऱ्या तापट इंजिनासाठी असतं, पाण्यावर थंड होणाऱ्यात त्याची राख साचते. नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवणं हा सगळ्यात स्वस्त विमा.

चाचणीला 200 लिटरचं पिंप. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वीतभर वर हवं, गिअर न्यूट्रल, पाच-सात मिनिटं मंद चालवून धार पाहायची. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं.

बंदी 31 जुलैला उठते, समुद्र मात्र तेव्हा निवळत नाही. लहान होडीनं नारळी पौर्णिमेपर्यंत खाडीतच राहावं. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, वर पावसाचा पूर, त्यामुळं मुखाजवळ ओहोटीचा ओढा जबर असतो. बाहेरून येणारी लाट आणि आतून जाणारं पाणी समोरासमोर आलं की गाळाच्या पट्ट्यावर लाट उभी राहते. तिथून बाहेर पडायचं ते भरतीच्या शेवटच्या दोन तासांत. वेळेचा ढोबळ हिशोब कॅलेंडरवरून होतो: तिथी गुणिले पाऊण तास. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. घाटावरून निघायचं कधी हे ठरवायला एवढं पुरतं. पट्टा ओलांडायची वेळ मात्र भरतीच्या तक्त्यावरूनच घ्यावी, कारण किनाऱ्यावर जागेनुसार फरक पडतो.

होडीत माणशी लाइफ जॅकेट, दोन वल्ही, जास्तीचं बूच, पंख्याची पिन, स्पार्क प्लग आणि पाना. नांगराचा दोर खोलीच्या पाचपट. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे नंबर काठाच्या आतल्या बाजूला रंगानं लिहावेत, मोबाइल भिजतो.

खरी मजा नोव्हेंबरपासून. पहाटे मतलई वारा जमिनीकडून असतो, पाणी सपाट. अकराच्या पुढं खारा वारा धरतो, त्याआधी खाडीत परतायचं. सुरमईला गळाच्या आधी वीतभर स्टीलची तार हवी, तिचे दात तंगूस सरळ तोडतात. बांगड्याला तार लावली तर तो फिरकत नाही, तिथं नुसती बारीक तंगूस. मासा होडीतच साफ करून बर्फात घालावा, वजनास वजन, आणि थर्मोकोलच्या पेटीचं खालचं भोक उघडं ठेवावं. वितळलेल्या पाण्यात बुडालेला मासा पाटणपर्यंतच मऊ पडतो, निथळलेला कराडला घट्ट पोचतो.