कॉमेंटमधली ओळ जिवंत झाली तो दिवस

द्राक्षांचा सीझन ऐन भरात होता. मी पिंपळगावला एका प्री-कूलिंगच्या (तोडलेली द्राक्षं झटपट थंड करायची खोली) पॅनलसमोर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेलो, बाहेर क्रेट भरलेल्या पिकअप लागलेल्या. कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारा प्रोग्राम, आमचंच, त्यातला दाराच्या सेन्सरचा एक बग अंबडच्या ऑफिसातल्या ज्युनिअरने काढला होता, पण साइटवर नेट इतकं रडत होतं की रेपो, म्हणजे आमच्या कोडचा साठा, पुलच होईना, म्हणून त्याने पूर्ण फंक्शन, म्हणजे कोडचा तो तुकडा, मेलमध्ये पेस्ट करून पाठवलं. मी कॉपी करून टाकलं, कंपाइल झालं, म्हणजे कंपायलरने त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर केलं, एक वॉर्निंग नाही. फ्लॅश केलं, म्हणजे कंट्रोलरमध्ये भरलं.

आणि फॅन चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर दर १० सेकंदाला खट्‌ करून पडायला लागला, सेकंदभराने परत ओढायचा. पुन्हा खट्‌. मी वायरिंग बघितली, कॉइलचं व्होल्टेज बघितलं, रिले बोर्ड बदलला, दोन तास असेच गेले. मालक येऊन म्हणाले, "भाऊ, माल आत घ्यायचा का नाही तेवढं सांगा."

शेवटी ज्युनिअरला फोन लावला आणि फंक्शन ओळीओळीने वाचून दाखवलं. फॅन बंद करायच्या ओळीवर आलो तर तो म्हणाला, "दादा, ती तर कॉमेंट आहे!"

त्याच्याकडे होतीच, म्हणजे कंपायलरने वगळायची नुसती टीप. दोन तिरक्या रेघा, मग टेस्टिंगबद्दलचं लांबलचक वाक्य आणि त्याच ओळीच्या शेवटी बंद करून ठेवलेला फॅन ऑफचा कॉल. मेल प्रोग्रामने ७८ अक्षरांच्या आसपास ओळ मोडली, कॉल खालच्या ओळीवर आला, तिथे तिरक्या रेघा नाहीत, सेमीकोलन जागच्या जागी, मग कंपायलर कशाला तक्रार करेल.

मग त्याला म्हटलं, फंक्शन नको, पॅच (म्हणजे कोडमध्ये काय बदललं त्याची यादी) पाठव, तोही गिट (कोडचे बदल सांभाळणारा प्रोग्राम) सेंड-ईमेलने, प्लेन टेक्स्टमध्ये. लिनक्सचा गाभा लिहिणारे कर्नलवाले अजूनही पॅच असेच मेलच्या मजकुरात पाठवतात, एचटीएमएल मेल त्यांच्याकडे परत येते, ते उगाच नाही. पॅचमधल्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर किती ओळी ते लिहिलेलं असतं आणि प्रत्येक ओळीच्या आधी स्पेस, अधिक किंवा वजा असतं, त्यामुळे मधेच ओळ मोडली की गिट 'करप्ट पॅच' म्हणून तिथेच थांबतं. पेस्ट केलेल्या फंक्शनला असलं काहीच संरक्षण नाही. टॅबचं पण तेच, मेलने टॅबचे स्पेस केले की मेकफाइल (कंपाइल कसं करायचं ते सांगणारी फाइल, तिला टॅबच लागतो) मेलीच. शिवाय पॅच चार केबीचा, तो मंद नेटवरही येतो. माझ्याकडचा क्लोन, म्हणजे रेपोची प्रत, दोन दिवस जुना होता, पण ती फाइल मधे कोणी बदलली नव्हती.

आधी स्वतःला पाठव, गिट एएमने (मेलमधला पॅच कोडला लावणारी कमांड) लावून बघ, मगच मला, असंही सांगितलं. त्याने तसंच केलं, ती कॉमेंटही काढली, जुना कोड गिटमध्ये असतोच.

पॅच लागला, फ्लॅश केलं, घड्याळ बघत उभा राहिलो. १० सेकंद, २०, मिनिट. कॉन्टॅक्टर हलला नाही. मालकांना म्हटलं, घ्या माल आत.