तुम्ही विचारलंत म्हणून: इनसर्माउंटेबल म्हणजे नेमकं काय?

क्लासमध्ये दर बॅचला कुणीतरी हे विचारतंच, की सर, डिफिकल्ट आहे ना, मग इनसर्माउंटेबल कशाला पाठ करायचं, स्पेलिंग तरी बघा केवढं. परवा एका पोराच्या आईनंही व्हॉट्सॲपवर तेच विचारलं, म्हणून लिहायलोय.

शब्द मुळात डोंगराचा आहे. लॅटिनमधून फ्रेंचमधे आणि तिथून इंग्रजीत आला. माउंट म्हणजे चढणं, सर म्हणजे वरून (मी नव्हे), इन म्हणजे नाही. चढून पलीकडं जाताच येत नाही ते इनसर्माउंटेबल. मराठीत दुर्लंघ्य आहे, पण बोलताना कोण म्हणतंय दुर्लंघ्य.

आपल्याकडं समजून घ्यायचा तर दौलताबादला जा. बालेकिल्ल्याखालचा कडा असा तासलाय की मान वर करून करून दुखायला लागते पण पाय टेकवायला एक खाच सापडत नाही, खाली खंदक, आणि तो ओलांडला तरी पुढं अंधारी म्हणजे काळोखा बोगदा, तिथं भर दुपारी मोबाईलचा टॉर्च लावावा लागतो आणि डोक्यावर वटवाघळं.

हा शब्द अडचणीला लागतो, अडथळ्याला लागतो, मॅचमधल्या लीडलाही लागतो, म्हणजे आता भरून निघत नाही एवढी आघाडी. माणसाला लागत नाही. मागं एका पोरीनं निबंधात लिहिलं, माय फादर इज इनसर्माउंटेबल. तिला म्हणायचं होतं इनव्हिन्सिबल, हरत नाही असा. (तिचा बाप मला माहीत आहे, तसं तिचं फार चुकलं नव्हतं.) आणि नुसतं बघूनच पोटात गोळा येतो ते डॉन्टिंग, ते नंतर जमूही शकतं.

ह्या शब्दाआधी व्हेरी लावू नका, जे ओलांडताच येत नाही ते आणखी किती ओलांडता येणार नाही? ऑलमोस्ट (जवळजवळ) किंवा सीमिंगली (वरवर बघता) मात्र लावा, इंग्रजीवाले तर सारखेच लावतात. देवगिरीचंच, म्हणजे ह्याच दौलताबादचं बघा ना, 1296 मधे अल्लाउद्दीन खिलजीनं वेढा घातला तेव्हा तो कडा कुणी चढलंच नाही, वर धान्य म्हणून नेलेली पोती फोडली तर आत मीठ निघालं असं सांगतात, आणि रामदेवरावांना तह करावा लागला. म्हणजे सीमिंगली.

राहिलं स्पेलिंग. इन, सर, माउंट, एबल असे चार तुकडे पाडून लिहा, चार दिवसांत बसतं. फक्त त्या सरमधे यू येतो, आपल्या सरसारखा आय नाही, पोरं हमखास तिथंच मार्क घालवतात.