निशिकसाईत पाहिलेली विषकन्या

‘निंजा स्क्रोल’ हा जपानी अ‍ॅनिमेशनपट पहिल्या वेळी लावला तेव्हा अर्धा तासही झाला नव्हता आणि मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. तेव्हा जपानला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. परत आत जावंसं वाटलं नाही. चार वर्षांनी तोच चित्रपट मी शेवटपर्यंत पाहिला, तोही आठ जणांच्या घोळक्यात, आणि त्या रात्री झालेली चर्चा अजून डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे.

चित्रपट १९९३चा आहे. जपानी नाव ‘जूबेई निंपूचो’, बाहेरच्या जगात ‘निंजा स्क्रोल’. दिग्दर्शक योशिआकी कावाजिरी, स्टुडिओ मॅडहाउस. दीड तासाचा, हाताने काढलेला. जपानबाहेर त्याचं जेवढं नाव झालं तेवढं इथे झालं नाही, हे मला इथे येऊन कळलं. ऑफिसातल्या तिशीच्या मुलामुलींना नावही माहीत नव्हतं. पन्नाशीच्या एका सहकाऱ्यांना मात्र होतं, आणि ऐकताच ते म्हणाले, “गुरोई.” ग्रोटेस्क या शब्दाचं हे इथलं रोजच्या बोलण्यातलं रूप. रक्त, तुटलेले अवयव, पाहवत नाही असं काहीही, सगळ्याला हा एकच शब्द.

नाकानो ब्रॉडवेमधल्या जुन्या डीव्हीडींच्या दुकानात मला तो मिळाला. तोक्योतल्या आमच्या निशिकसाईहून मेट्रोची तोझाई लाइन सरळ नाकानोलाच जाते, गाडी बदलावी लागत नाही. डीव्हीडीवर फक्त जपानी होतं. मी भाषांतराचंच काम करते, त्यामुळे ठरलं की मी मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगायचं. शनिवारी रात्री आमच्याकडे सगळे जमले. सांगलीचं एक जोडपं, नवऱ्याचा एक ब्रिटिश मित्र, वर म्हटलेले ते सहकारी, कोल्हापूरच्या वहिनी, त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. सगळ्या लहानांना शेजारच्या घरी झोपवलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे कार्टून म्हटलं की टीव्ही लावून आई स्वयंपाकघरात जाते. इथे चित्रपटांना दर्जा देणारी ‘एइरिन’ नावाची संस्था आहे, तिच्या पायऱ्या जी, पीजी १२, आर १५ आणि आर १८ अशा, आणि चित्र काढलेलं आहे की माणसं नटलेली आहेत याने त्यात फरक पडत नाही. भाच्याला ‘जपानी कार्टून’ लावून देण्याआधी एवढं पाहाच.

सुरुवात फार सुंदर आहे. पुलावर एकटा माणूस, हातात भाताचा गोळा, ओनिगिरी. कोंबिनीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, मिळतो तसाच. तीन जण हल्ला करतात आणि क्षणात सगळं संपतं. हा जूबेई, कोणाचाही चाकर नसलेला तलवारबाज. एका गावात रोगाने माणसं मेली म्हणून तपासायला गेलेली निंजांची तुकडी वाटेतच कापली जाते. वाचते एकटी कागेरो. मारणारे ‘किमोनचे आठ’. एकाचं अंग दगडाचं, एकाच्या पाठीत गांधीलमाश्यांचं पोळं, एक बाई अंगावर साप बाळगणारी.

‘किमोन’ म्हणजे राक्षसांचा दरवाजा, ईशान्य दिशा. हे सांगितलं आणि वहिनी एकदम सरसावून बसल्या. “ईशान्य? आमच्याकडे देवघर असतं तिथे!” खरंच आहे. आपण ज्या कोपऱ्यात देव बसवतो, तिथून इथे वाईट शक्ती येतात असं मानतात. एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, किल्ल्याच्या ईशान्येला, उएनोत, १६२५ साली कानएइजी मंदिर बांधलं ते ही बाजू राखायला. क्योतोच्या ईशान्येला हिएई डोंगर, त्यावरचं एनर्याकुजी मंदिर. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, पाहायला आपण सगळे उएनोला जातो, पण आपण किमोनवर उभे आहोत हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं.

मग तो प्रसंग आला. दगडी अंगाचा तेस्साई कागेरोला पकडतो आणि तिच्यावर बळजबरी करतो. कॅमेरा तिथून हलत नाही. मी भाषांतर थांबवलं. सांगण्यासारखं काही नव्हतंच. ब्रिटिश मित्राने सांगितलं की त्याने शाळेत असताना व्हिडिओ कॅसेटवर पाहिला तेव्हा हा प्रसंग इतका नव्हता. तिथल्या सेन्सॉरने रक्तापेक्षा याच ठिकाणी कात्री लावली होती. “तेव्हा आम्हा मुलांना कापलं म्हणून राग यायचा,” तो म्हणाला, “आज मुली आहेत घरात. आज नाही येत.”

सांगलीकरांचं म्हणणं वेगळं होतं. कागेरो विषपरीक्षक आहे, धन्याचं अन्न आधी चाखणारी. आयुष्यभर विष चाखून तिचं अंगच विषारी झालंय. जो तिला स्पर्श करेल तो मरणार. तेस्साईचं दगडी कातडं पुढे सुटून पडतं ते तिच्याच विषामुळे. म्हणजे प्रसंग कथेला लागतोच, ते म्हणाले. त्यांच्या बायकोने लगेच उत्तर दिलं, “लागतो, मान्य. पण एवढा वेळ? ती पुढे काय करते ते कळायला मला एवढं बघायची गरज नव्हती.” मी पूर्ण तिच्या बाजूची आहे. दिग्दर्शकाला तिच्या दुःखाइतकाच तिचा देह दाखवायचा मोह आवरलेला नाही, आणि एवढ्या ताकदीच्या माणसाने तो आवरायला हवा होता.

जपानी सहकारी उशिरा बोलले. म्हणाले, हे कावाजिरींपासून सुरू होत नाही. फुतारो यामादांच्या निंजा कादंबऱ्या वाचत त्यांची पिढी वाढली, आणि त्याही आधी १८६०च्या दशकात योशितोशी या चित्रकाराने खुनांची रक्ताळलेली लाकूडठशांची चित्रं काढली होती. एदो काळ संपत आला होता, सगळीकडे मारामाऱ्या होत होत्या, आणि लोक ती चित्रं विकत घेत होते. समर्थन म्हणून नाही, पण तुम्हाला धक्का बसला त्यामागे शंभर वर्षांहून जुनी वाट आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

या सगळ्यात वहिनींनी जे पकडलं ते मला सुचलंच नव्हतं. “अगं, ही तर विषकन्या,” त्या म्हणाल्या. मुद्राराक्षस नाटकात अमात्य राक्षस चंद्रगुप्तावर पाठवतो तशी. “पण तिथे तिला एक वाक्यसुद्धा नाही. ती हत्यार आहे नुसती. इथे तिला बोलता येतंय.” मग त्यांनी एक बारीकसा प्रसंग आठवून दाखवला. कागेरो वरिष्ठासमोर गुडघे टेकून सगळी हकिगत सांगते आहे आणि तो तिच्यादेखतच दुसऱ्या बाईबरोबर शय्येवर आहे. तिची मान वर होत नाही. “रक्तापेक्षा हे बघवलं नाही मला,” वहिनी म्हणाल्या.

जूबेईला म्हाताऱ्या सरकारी हेराने, दाकुआनने, विष दिलेलं असतं, आणि उतारा एकच, कागेरोचा देह. जपानीत म्हणच आहे, ‘दोकु ओ मोत्ते दोकु ओ सेइसु’. विषस्य विषमौषधम्. जूबेई नकार देतो. जीव जाणार हे माहीत असूनही तिला औषध म्हणून वापरायचं नाकारतो, आणि पूर्ण चित्रपटात तिला माणूस म्हणून वागवणारा तोच. शेवटी ती मरताना त्याला ओठ लावते आणि तो वाचतो. मी तिचे शब्द मराठीत सांगत होते आणि माझा आवाज बसला. खोलीत कोणी हललं नाही. कागेरो म्हणजे उन्हात तापल्या जमिनीवर हवा थरथरते ती, हे नावही तेव्हाच सांगितलं मी सगळ्यांना.

वहिनींच्या मुलाला बांबूच्या बनातली लढाई सगळ्यात आवडली. आंधळा तलवारबाज, पात्यावरून उन्हाची तिरीप समोरच्याच्या डोळ्यांत फेकणारा. आवाज फक्त पानांचा. तो भाग त्याने तीनदा मागे नेऊन पाहिला, आणि तो खरोखर तीनदा पाहण्यासारखाच आहे. एकेक फ्रेम माणसाच्या हातची.

सगळे गेल्यावर बाराच्या सुमारास वहिनींचा मेसेज आला. “शेवटचा भाग परत लावशील तेव्हा मला बोलव. सुरुवातीचा तो नको.”