बोरीला पाणी नाही, मग बोट कशाला?

‘सर, अमळनेरला समुद्र नाही. बोरीचं पात्रही वर्षातला बराच काळ कोरडं. मग पोरांना बोटी आणि पाण्याखालचे रोबो कशाला शिकवता?’ पालक विचारतात, शेजारी विचारतात, परवा पाइपच्या दुकानदारानंही विचारलं. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बोट खान्देशाला परकी नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे अक्कलकुवा-धडगावकडच्या काही नर्मदाकाठच्या गावांना बोटीचाच आधार आहे. तिथं दवाखानाही बोटीतून येतो. पण माझं खरं कारण वेगळं. वहीतलं उत्तर मला तपासावं लागतं. पाण्यात नाव उतरवली की निकाल पाणीच देतं, आणि त्या निकालावर पोरं रुसत नाहीत.

आम्ही प्लायवूडची सपाट तळाची बोट केली, 6 फूट लांब, 2 फूट रुंद. फळ्यांच्या कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाके घातले, सांध्यांत इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा गोंद, भरला. मग हिशेब. तळ साधारण 183 सेंटिमीटर बाय 61. म्हणजे बोट एक सेंटिमीटर खाली गेली की 11 लिटर पाणी बाजूला सरणार, तेवढं 11 किलो वजन पेललं जाणार. बोट 15 किलोची, बसणारी मुलगी 40 किलोची. पाणी 5 सेंटिमीटरवर थांबायला हवं. पोरांनी बाहेरून पेन्सिलनं रेघ मारली. एका शेतातल्या कंबरभर पाण्याच्या सिमेंटच्या हौदात बोट सोडली. (शेततळ्यावर मी पोरांना कधीच नेत नाही; त्या प्लास्टिकवरून पाय घसरला की वर चढता येत नाही.) लाइफ जॅकेट घालून मुलगी मधोमध बसली. पाणी चढत चढत रेघेला टेकलं आणि थांबलं. क्षणभर सगळे गप्प, मग जो आरडाओरडा झाला तो बांधापलीकडे ऐकू गेला असेल. आर्किमिडीजचं तत्त्व त्यांना आधीही पाठ होतं.

रोबोचं तर सामानच आमच्या घरचं. ठिबक सिंचनाच्या जळगाव जिल्ह्यातली पोरं ही. एल्बो, टी, सॉल्व्हंट हे पाइपजोडणीचे शब्द त्यांना शिकवावे लागत नाहीत. अमेरिकेत एमआयटीमध्ये 2003 साली सुरू झालेल्या ‘सीपर्च’ उपक्रमातही मुलं पीव्हीसी पाइपांचाच सांगाडा बांधतात. त्यावर तीन छोट्या मोटारी: दोन पुढं-मागं जायला, एक वर-खाली. पाणी शिरू नये म्हणून मोटारी डबीत ठेवून मेण ओतायचं. वीज फवारणीच्या पंपाच्या 12 व्होल्टच्या बॅटरीची. घरातल्या विजेची वायर पाण्याजवळ आणायची नाही, हा नियम मोडू देत नाही. रिमोट का नाही, हे प्रत्येक तुकडी विचारते. रेडिओलहरी पाण्यात लगेच विरतात, म्हणून वायरच लागते.

पहिला रोबो सोडताच पालथा झाला. ‘सर, हाऊ ते उलटा व्हई गया!’ तरंगण्यासाठीचे फोमचे तुकडे खाली बांधले होते, मोटारींचं वजन वर. मी काहीच सांगितलं नाही. दोन दिवस हौदाच्या काठावर वाद घालून त्यांनी स्वतःच फोम वर नेला, वजन खाली घेतलं. मग फोम कातरत, नटबोल्ट अडकवत, रोबो तरंगतही नाही आणि बुडतही नाही अशा नेमक्या वजनावर आणला. या दोन दिवसांसाठी मी हे सगळं करतो.

आणि समुद्र नसला तरी विहिरी आहेत. एका पालकांच्या विहिरीत सबमर्सिबल मोटार अडकली होती. एरवी कुणाला तरी दोर बांधून आत उतरवलं असतं. आम्ही मोठ्यांनी रोबो खाली सोडला, त्याला तारेचा वॉटरप्रूफ कॅमेरा बांधलेला. पोरं लांब बसून स्क्रीन बघत होती. मोटारीचा दोर कपारीतल्या दगडाला गुंडाळलेला दिसला. गळ कुठं टाकायचा ते कळलं, मोटार निघाली.

तिथं पाणी 6 मीटर होतं. दुसऱ्या एका विहिरीत 12 मीटर आहे. दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत 6000 मीटर खोलीसाठी ‘मत्स्य 6000’ ही माणसं नेणारी पाणबुडी घडवणाऱ्यांपुढंही दाबाचंच कोडं असतं. आमचं मेण 12 मीटरला टिकेल का? पोरांनी नवी डबी भरली आहे. येत्या रविवारी दोराला बांधून ती एकटीच आधी खाली सोडणार आहोत.