जिथे माठ थंड होत नाही, तिथला कोट

गेल्या महिन्यात बेळगावहून माझ्या आतेभावाचा फोन आला. उद्यमबागेत त्याचा हायड्रॉलिक यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचा छोटा कारखाना आहे आणि जकार्तामधील एका खरेदीदाराने त्याला नमुने घेऊन बोलावले होते. दर, नमुने, व्हिसा यांपैकी कशाचीच त्याला चिंता नव्हती. त्याचा प्रश्न एवढाच होता, "दादा, तिकडं घालायचं काय? लग्नातला कोट आहे की माझा, तो चालतोय न्हवं?" मला सिंगापुरात येऊन आता अकरा वर्षे झाली आणि कामानिमित्त जकार्ता, बँकॉक, क्वालालंपूर अशा फेऱ्या सतत चालू असतात. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातील निदान पाच-सहा जणांनी अलीकडे मला हाच प्रश्न विचारला असल्यामुळे, त्याला फोनवर अर्धा तास जे सांगितले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

बेळगावकराला उकाडा म्हटला की एप्रिल-मे महिन्यांतील दुपार आठवते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या आपल्या गावाला जुनी माणसे उगाच गरिबांचे महाबळेश्वर म्हणत नसत. तेथे पारा ३६ अंशांवर गेला तरी हवा कोरडी असते, सायंकाळी वारा सुटतो आणि एखादा वळीव पडून गेला की रात्री पांघरूण शोधावे लागते. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एका अंशावर आहे. येथील दुपारचे तापमान बहुतेक दिवशी ३१-३२ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे नुसता आकडा पाहून आपला माणूस निश्चिंत होतो आणि तेथेच फसतो. खानापूरचा माठ मे महिन्यात पाणी गार करतो, कारण त्याच्या अंगातून झिरपलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. घामाने भिजणारे शरीर हाही एक माठच आहे. येथे पहाटे हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर जाते आणि दुपारीही हवा ओलीच असते. त्या हवेत माठाचे पाणी गार होत नाही आणि अंगावरचा घामही उडत नाही, तो नुसता ओघळतो. कपड्यांकडून थंडाव्याची अपेक्षा येथे सोडूनच द्यावी. ओघळणारा घाम समोरच्याला दिसू न देता वाटेला लावणे, एवढे काम त्यांनी केले तरी पुष्कळ झाले.

हे मला पहिली फजिती झाल्यावर कळले. येताना मी खडेबाजारात शिवून घेतलेला कोट आणला होता: टेरीवूलचा, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या लोकरीचा, गडद राखाडी रंगाचा, आत चकचकीत अस्तर आणि छातीला बकरमाचा, म्हणजे ताठपणा देणाऱ्या कडक कापडाचा, जाड थर. एका ग्राहकाच्या कार्यालयात सकाळी दहा वाजता बैठक होती आणि मेट्रो स्थानकापासून तेथपर्यंत सात-आठ मिनिटांची वाट होती. कोट हातात घेऊन चालणे मला अजागळपणाचे वाटल्यामुळे मी तो अंगात घालूनच गेलो. पोहोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता आणि बैठकीच्या खोलीतील वातानुकूलन २२ अंशांवर ठेवलेले होते, त्यामुळे पाच मिनिटांत ओल्या पाठीवर हुडहुडी चढली. कपाळ मात्र अजून निथळतच होते. टेबलावर पसरलेल्या ड्रॉइंगवर मी वाकलो आणि घामाचा एक थेंब नेमका भोकाच्या मापावर पडला; इंकजेटची शाई फुटली आणि ०.०२ मिलिमीटरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एका काळपट डागाखाली नाहीसा झाला. समोरच्या वयस्क गृहस्थांनी काही न बोलता टिश्यूचे पाकीट माझ्याकडे सरकवले.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. कोट घालायचा तो इमारतीच्या आत. रस्त्यावर तो हातावर असतो. ठरलेल्या वेळेआधी पंधरा-वीस मिनिटे पोहोचावे, खालच्या लॉबीत बसून घाम जिरू द्यावा, तोंड धुवावे आणि लिफ्टपाशी आल्यावर कोट चढवावा. परतताना उलटा त्रास असतो: गार खोलीतून बाहेर पडताच चष्म्याच्या काचांवर वाफ धरते, त्यामुळे दाराबाहेर क्षणभर थांबून मगच पायऱ्या उतराव्यात. मी एकदा न थांबता उतरलो आहे.

कापडाबाबत आपल्याकडे एकच उत्तर तयार असते, ते म्हणजे सुती. ते अर्धेच खरे आहे. कापडधंद्यातील माणसे प्रत्येक धागा किती ओलावा धरतो हे मोजतात. प्रमाणित हवेत, म्हणजे मोजणीसाठी ठरवून दिलेल्या तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या हवेत, कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, लिनन सुमारे १२ टक्के, लोकर सुमारे १६ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. लोकर म्हटली की आपल्याला डिसेंबरातील स्वेटर आठवतो. परंतु बारीक, चांगल्या पिळाच्या सुताची, साध्या उभ्या-आडव्या विणीची आणि चौरस मीटरला २०० ते २४० ग्रॅम वजनाची ट्रॉपिकल वूल उकाड्यासाठीच विणलेली असते. ती घाम पोटात घेते आणि तरीही अंगाला ओली लागत नाही. दुकानात कापड तोंडासमोर धरून फुंकर मारावी. ती पलीकडे धरलेल्या तळहाताला लागली, तर ते कापड घ्यावे. पँटसाठीही मी हेच कापड वापरतो, कारण जाड सुती पँट एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही. लिनन हवेशीर असते, परंतु दोन तास खुर्चीत बसून उठल्यावर तिच्या चुण्या पाहून माणूस रात्रीच्या बसने चोर्ला घाट उतरून आल्यासारखा दिसतो. सीअरसकर नावाचे एक सुती कापड मिळते, त्यातील एक पट्टी सपाट आणि एक चुरगळलेली असते. फारसीतील शीर-ओ-शकर, म्हणजे दूध-साखर, यावरून त्याला हे नाव पडले. चुरगळलेल्या पट्ट्यांमुळे ते अंगाला चिकटत नाही आणि इस्त्रीही फारशी मागत नाही. बैठकीपेक्षा कारखान्याच्या भेटीला ते अधिक शोभते.

कापड उत्तम घेतले आणि आत पॉलिएस्टरचे पूर्ण अस्तर लावले, तर वरची लोकर असून नसल्यासारखी होते. कोटाच्या पाठीला अस्तर नसावे. बाह्यांना मात्र असावे, नाहीतर घामट हात आत सरकत नाही. खांद्याला जाड पॅड आणि छातीला बकरम यांनाही शक्य तितका फाटा द्यावा. या मुद्द्यावर शिंप्याशी खटका उडण्याची शक्यता असते. अस्तर कमी म्हणजे मजुरी कमी, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अस्तर नसले की आतल्या शिवणी उघड्या पडतात, प्रत्येक शिवणीला गोट मारून ती बंद करावी लागते, आणि म्हणून चांगला शिंपी जास्त पैसे मागतो. ते त्याला निमूटपणे द्यावेत.

आतील बनियनबद्दल कुणी बोलत नाही, आणि अर्धी बाजी तर तेथेच हरते. उकाडा आहे म्हणून बनियन टाळणे ही चूक आहे आणि आपल्याकडची सँडो बनियन घालणे ही दुसरी. घाम सर्वांत जास्त दिसतो तो काखेत, आणि सँडो नेमकी तीच जागा उघडी सोडते. पातळ, अर्ध्या बाहीची, खोल गळ्याची बनियन घ्यावी. पांढऱ्या शर्टाखाली पांढरी बनियन उठून दिसते, फिकट राखाडी किंवा अंगाच्या रंगाची दिसत नाही. शर्ट पांढरा असावा. आकाशी आणि फिकट राखाडी रंग घामाचा प्रत्येक डाग जाहीर करतात. पिशवीत दुसरा शर्ट हवाच. दुपारच्या जेवणानंतर स्वच्छतागृहात शर्ट बदलणारे येथे मी एकटाच नाही.

इंडोनेशियात मात्र हा कोटाचा सगळा खटाटोप बराचसा अनावश्यक ठरतो. तेथे पूर्ण बाह्यांचा बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या नक्षीचा, शर्ट हा औपचारिक पोशाख मानला जातो. कार्यालयात, लग्नात, सरकारी समारंभात तो चालतो, आणि १९९४ मध्ये बोगोर येथे झालेल्या अपेक या आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक सहकार्य गटाच्या परिषदेत देशोदेशीच्या नेत्यांनीही बाटिकच घातला होता. युनेस्कोने २ ऑक्टोबर २००९ रोजी या कलेला वारशाचा दर्जा दिला, म्हणून तेथे २ ऑक्टोबर हा बाटिक दिवस असतो. आपल्याकडे खादी आठवण्याचा जो दिवस, तोच तेथे बाटिकचा. हा शर्ट पँटमध्ये खोचत नाहीत, बाहेरच सोडतात, त्यामुळे कमरेपाशी हवा खेळती राहते. अर्ध्या बाहीचा बाटिक कमी औपचारिक असतो, पहिल्या भेटीला तो नको. खरेदी करताना माझे आजोळ उपयोगी पडते. बेळगावातील विणकरांच्या वडगावात लहानपणी शेजारच्या घरांतील मागांचा खटखटाट ऐकत दुपारची झोप लागायची आणि कापड हाती आले की आधी उलटून पाहायचे, हे तेव्हाच अंगवळणी पडले. मेण लावून रंगवलेल्या बाटिकमध्ये रंग दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच मुरलेला असतो. छापील कापडाची उलटी बाजू फिकट पडते. जकार्तामधील दुकानदार हे पाहतो आणि मग दुसरा गठ्ठा बाहेर काढतो.

माझी पत्नी हिशेब तपासणीच्या कामासाठी बँकॉकला जाते. तिचे म्हणणे असे की, खळ घातलेली सुती साडी बेळगावात दिवसभर ताठ राहते, येथे तासाभरात लवते आणि निऱ्या पायाला चिकटतात; त्यामुळे बैठकीला ती क्रेप सिल्कची साडी किंवा लिननचा कुर्ता आणि सरळ पँट पसंत करते. पुरुषांच्या कोटाचे काम तिची पातळ शाल करते, कारण पुरुषांना बेताचे वाटणारे वातानुकूलन तिला गोठवते. साडीच्या टाचण्या मात्र ती रोज रात्री काढून डबीत ठेवते. दमट हवेत त्या गंजतात आणि पदरावर तांबडा डाग ठेवून जातात.

बुटांचे दोन जोड न्यावेत आणि आलटून पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येकाला वाळायला एक दिवस मिळतो. खानापूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्यावर बुरशी कशी चढते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको. आमच्या घरी बुटांत तरुण भारतचे जुने अंक कोंबले जात. येथे छापील वर्तमानपत्र घेणारा शेजारी शोधावा लागतो. हॉटेलात परतल्यावर कोट लगेच कपाटात बंद करू नये, तो रात्रभर खुर्चीच्या पाठीवर मोकळा टांगावा, नाहीतर सकाळी त्याला कुबट वास येतो.

आतेभावाने शेवटी खडेबाजारातल्याच शिंप्याकडून पाठीला अस्तर नसलेला कोट शिवून घेतला, तो बेंगळुरूहून विमानात हातावर टाकून नेला आणि पहिल्या बैठकीत घातला. दुसऱ्या दिवशी खरेदीदारानेच त्याला बाटिकच्या दुकानात नेले. तपकिरी-निळ्या नक्षीचा, पूर्ण बाह्यांचा तो शर्ट उरलेले तीन दिवस चालला, आणि बेळगावला परतल्यावर त्याने तो एका साखरपुड्याला हौसेने घातला. दारातून आत येताच आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि पाहुण्यांसमोरच सांगितले, "शर्ट आत खोच की रे आधी."